चाकामागची पिन

मालट्रक तुम्ही रोज पाहता. त्याचे इंजिन तुम्हांला ऐकू येते, हॉर्न ऐकू येतो आणि पाठीमागे रंगवलेले शेरही तुम्ही आवडीने वाचता. पण ट्रक वळतो कसा, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? चालकाच्या हातात स्टिअरिंगचे चक्र असते. रस्त्यावर वळतात ती पुढची दोन चाके. या दोहोंच्या मध्ये अनेक लहानमोठे भाग असतात. त्यांपैकी एका भागाची ओळख मी आज तुम्हांला करून देणार आहे. तो बाहेरून दिसत नाही. तो जेमतेम आपल्या वितीएवढा लांब असतो. त्याचे नाव किंगपिन.

आमचे गाव दिघी. पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. संत ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते, तेव्हा ती आमच्या गावावरून जाते. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा असतो. एरवी तो ट्रकांचा आणि टेंपोंचा असतो. शेजारी भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेकडे मोशी आणि त्याही पुढे चाकण आहे. भोसरीच्या लहान कारखान्यांत सुटे भाग तयार होतात. ते चाकणच्या मोठमोठ्या कारखान्यांत जातात आणि तेथे त्यांच्या मोटारी बनतात. १९९७ साली दिघीचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला. शेतांच्या जागी इमारती आल्या. आता आमच्या गल्लीत कोणी फिटर आहे, कोणी वेल्डर आहे, तर कोणी चालक आहे.

माझ्या मामूंची एक जुनी गाडी आहे. टाटा ४०७ हे तिचे नाव. ही गाडी १९८६ साली पहिल्यांदा बाजारात आली. दोन-अडीच टन माल घेऊन ती अरुंद गल्लीतही शिरते, म्हणून व्यापारी आणि कारखानदार यांची ती लाडकी झाली. मामूंनी ती दुसऱ्या मालकाकडून विकत घेतली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते आता स्वतः गाडी चालवत नाहीत. लातूरकडचे एक चालक त्यांच्याकडे कामाला आहेत. मामू त्यांना दादा म्हणतात आणि ते मामूंना चाचा म्हणतात. भोसरीतून लोखंडी ओतकाम भरायचे आणि चाकणला पोहोचवायचे, हा त्यांचा नेहमीचा धंदा. या एका गाडीवर दोन घरे चालतात. एक दिघीत आणि एक लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीने कुरकुर सुरू केली. गतिरोधकावरून जाताना पुढून खडखड आवाज येई. वेग थोडा वाढला की स्टिअरिंग हातात थरथरे. डाव्या चाकाचा टायर एकाच कडेने झिजू लागला. मामूंना वाटले, टायरच खराब असेल. त्यांनी टायर बदलला. महिन्याभरात नवा टायरही त्याच कडेने झिजला. तेव्हा एका संध्याकाळी गाडी आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये उभी राहिली. मीही मामूंबरोबर गेलो.

गॅरेजच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांच्या हाताखाली एक वीस वर्षांचा तरुण काम करतो. तो माझा जुना विद्यार्थी. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मला पाहताच त्याने तेलकट हात मागे घेतले आणि मानेनेच सलाम केला.

उस्तादांनी गाडी सपाट जागी घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. पुढच्या आसाखाली जॅक लावून डावे चाक जमिनीवरून उचलले. लगेच आसाखाली लोखंडी घोडी सरकवली आणि वजन तिच्यावर टेकवले. "सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडीच हवी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा आमचा पहिला धडा."

मग उस्तादांनी टायर वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरला. एकदा वरचा भाग ओढला, एकदा खालचा. चाक हलले. खट् असा आवाज झाला. उस्ताद म्हणाले, "ब्रेक दाब." विद्यार्थ्याने आत बसून ब्रेकचे पॅडल दाबले. उस्तादांनी चाक पुन्हा हलवले. ते तसेच हलले.

तुम्ही विचाराल, ब्रेक दाबून काय कळले? सांगतो. चाक सैल होण्याची दोन मुख्य कारणे असू शकतात. एक म्हणजे चाकाच्या आतले बेअरिंग झिजले असेल. दुसरे म्हणजे किंगपिन झिजली असेल. ब्रेक दाबल्यावर चाक आणि त्याच्यामागचा भाग एकमेकांना घट्ट धरतात. मग बेअरिंगची ढिलाई असेल, तर ती नाहीशी होते. पण किंगपिन त्याच्याही मागे असते. तिची ढिलाई ब्रेकने जात नाही. पाहिलेत? एकही नट न उघडता उस्तादांनी रोग ओळखला. आपण विज्ञानाच्या प्रयोगात असेच करतो. दोन कारणांपैकी एक बाजूला काढतो आणि दुसरे तपासतो.

आता किंगपिन म्हणजे काय ते समजून घेऊ. बैलगाडीचा आस वळत नाही. बैल वळतात आणि गाडी त्यांच्यामागे जाते. जुन्या काळी चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा अख्खा आस मध्यभागी एका खिळ्याभोवती फिरे. त्यामुळे गाडी वळताना कलंडण्याची भीती असे. पुढे अशी कल्पना निघाली की, आस जागेवरच राहावा आणि त्याच्या दोन टोकांशी दोन्ही चाके वेगवेगळी वळावीत. १८१८ साली इंग्लंडमध्ये ॲकरमन यांनी या रचनेचे पेटंट घेतले. मूळ कल्पना जर्मनीतील लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराची होती. आजच्या ट्रकच्या आसाच्या दोन टोकांशी ज्या उभ्या पोलादी पिना असतात, त्याच किंगपिना. दाराच्या बिजागरीत जशी सळई असते, तशी ही पिन. दार सळईभोवती फिरते, चाक किंगपिनभोवती वळते. फरक इतकाच की, या बिजागरीवर गाडीचा आणि मालाचा भार असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिला ठोसा मारतो.

पिन पोलादाची असते. तिच्याभोवती वर एक आणि खाली एक असे दोन बुश असतात. बुश म्हणजे धातूची लहान नळी. तो बहुधा काशाचा, म्हणजे पोलादापेक्षा मऊ धातूचा असतो. मऊ का बरे? दोन धातू एकमेकांवर घासले की, झीज ही होणारच. ती झीज स्वस्त भागाने सोसावी आणि महाग भाग वाचावा, अशी ही योजना आहे. दोहोंच्या मध्ये ग्रीस भरतात. ग्रीस आहे तोवर धातू धातूला भिडत नाही. ग्रीस संपले, पाणी आणि धूळ आत शिरली की, आधी बुश झिजतो आणि मग पिनही खाल्ली जाते.

एक सोपे गणित करू. समजा, पिन १५ सेंटिमीटर लांब आहे आणि झिजेमुळे ती वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एक मिलिमीटर तिरकी होते. चाकाचा व्यास ७५ सेंटिमीटर धरा, म्हणजे पिनेच्या लांबीच्या पाचपट. मग चाकाच्या कडेला तीच ढिलाई पाच मिलिमीटर होते. पिनेजवळ जी फट डोळ्याला दिसतही नाही, ती रस्त्यावर इतकी वाढते. म्हणून स्टिअरिंग थरथरते, म्हणून टायर कडेने झिजतो. टायर खराब नव्हता. तो बिचारा फक्त तक्रार करत होता.

तपासणी झाली. उस्ताद हात पुसत म्हणाले, "किंगपिनचा पूर्ण संच बदलावा लागेल. दोन दिवस गाडी उभी राहील."

मामूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे भोसरीचा माल भरायचा होता. ते म्हणाले, "उस्ताद, एकच खेप जाऊ दे. सावकाश चालवू. परत आल्यावर काम सुरू करा."

उस्ताद गप्प राहिले. गाडी त्यांची नव्हती आणि धंदाही त्यांचा नव्हता. मी पण गप्प होतो. घर कसे चालते ते मला ठाऊक होते. तेवढ्यात दादा पुढे आले. ते नेहमी कमी बोलतात. ते म्हणाले, "चाचा, उतारावर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. पंधरा दिवस झाले. तुमचं भाडं बुडेल म्हणून मी बोललो नाही."

मित्रांनो, चाकणच्या रस्त्यावर सकाळी किती गर्दी असते, ते त्या भागातल्या मुलांना सांगायला नको. कामगारांच्या बसगाड्या, दुचाकीस्वार, शाळेत पायी जाणारी मुले. डावीकडे म्हणजे रस्त्याच्या कडेला. तेथे कोण चालत असते? मामूंनी थोडा वेळ जमिनीकडे पाहिले. मग खिशातून मोबाइल काढला आणि कारखान्यात कळवले, "उद्या माझी गाडी येणार नाही. दुसरी व्यवस्था करा." पलीकडून जे बोलणे आले, ते आम्हांला ऐकू आले नाही. मामू फक्त "ठीक आहे, साहेब" एवढेच म्हणत होते. फोन ठेवून ते दादांना म्हणाले, "यापुढे असे काही असले तर त्याच दिवशी सांगायचे. भाडे माझे जाईल, पण गाडीत तू बसतोस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दिवा धरायला गेलो. चाक उतरले. मग ब्रेकचा ड्रम आणि हब उतरले. स्टिअरिंगचे दांडे सोडवले. पिनेला आसात अडकवून ठेवणारी एक लहान आडवी पाचर असते, ती ठोकून काढली. आता पिन निघायला हवी होती. पण ती हलेना! गंजाने तिला आसात जखडून टाकले होते. उस्तादांनी आदल्या रात्रीच वरून डिझेल सोडून ठेवले होते. डिझेल बारीक फटीत झिरपते आणि गंज सैल करते. तरी पिन हट्ट सोडीना. विद्यार्थी म्हणाला, "उस्ताद, गॅसने तापवू का?" उस्ताद म्हणाले, "नको. पोलाद फार तापले की त्याचा कस जातो. आस नवा आणायचा आहे का?" आणि त्यांनी घाई न करता, पितळी ठोकळा मध्ये ठेवून, जड हातोड्याने एकाच रेषेत घाव घातले. तासाभराने पिन खाली सरकली.

उस्तादांनी ती माझ्या हातात दिली. "नख फिरवून पाहा," ते म्हणाले. पिनेच्या मधल्या भागाला काही झाले नव्हते. पण जेथे बुश होते, तेथे एका बाजूने खोलगट खाच पडली होती. नख तिच्यात अडकत होते. खालचा बुश तर कागदासारखा पातळ होऊन फाटला होता.

आता उजवी बाजू. मामू म्हणाले, "उजवी तर फारशी वाजत नाही. ती राहू दे." उस्तादांनी मान हलवली. दोन्ही पिना तितकेच किलोमीटर चालल्या आहेत, एक नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी पुन्हा एका बाजूला ओढेल, असे त्यांनी समजावले. उजवी पिन निघाली, तेव्हा तिच्यावरही तशीच खाच होती, थोडी कमी खोल. मामू काही बोलले नाहीत. त्यांनी दुकानातून दुसरा संच मागवला.

नवे बुश बसवताना उस्तादांनी विद्यार्थ्याला जवळ बोलावले. बुशाला एक बारीक भोक असते. बाहेरच्या भागालाही, जेथे ग्रीसचे निपल लावतात तेथे, एक भोक असते. ही दोन भोके समोरासमोर यायलाच हवीत. ती थोडी जरी सरकली, तरी बाहेरून कितीही ग्रीस भरा, आत एक थेंबही जात नाही. गाडी बाहेरून ग्रीसने माखलेली दिसते आणि आत पिन कोरडी झिजत राहते. विद्यार्थ्याने सळईने भोक तपासले, मगच बुश पूर्ण आत दाबला.

त्यानंतरचे काम सर्वांत नाजूक. नवा बुश मुद्दामच किंचित अरुंद असतो. तो रीमर नावाच्या हत्याराने आतून अगदी थोडा थोडा तासून पिनेच्या मापाचा करतात. कमी तासला तर चाक वळायला जड जाते. जास्त तासला तर बुश वाया जातो. तासलेले परत जोडता येत नाही. विद्यार्थी रीमर हळूच एक फेरा फिरवी, बुश पुसे, पिन घालून पाही आणि पुन्हा फिरवी. मी मोजत होतो. अकराव्या वेळी पिन अंगठ्याच्या दाबाने गुळगुळीत आत गेली आणि मुळीच डुलली नाही. उस्ताद "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडची ही मोठीच शाबासकी असावी, कारण विद्यार्थ्याचे कान लाल झाले.

मग आसाखाली भार पेलणारे नवे बेअरिंग बसले. वरची फट पातळ चकत्यांनी भरून काढली. आडवी पाचर घट्ट झाली. ग्रीस भरले, ते कडेने बाहेर येईपर्यंत भरले. पुढच्या पाट्यांचे बुशही झिजले होते, तेही बदलले. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांना कमान असेही म्हणतात. शेवटी चाके एकमेकांशी बरोबर रेषेत आहेत ना, याची तपासणी यंत्रावर करून घेतली. नवे भाग बसले की जुने माप चालत नाही.

काम चालू असताना मी गॅरेजमधले शब्द ऐकत होतो. तुम्हांलाही गंमत वाटेल. कमान हा शब्द आपल्या उर्दूतही आहे आणि फारसीत त्याचा अर्थ धनुष्य. पाट्याचा आकार पाहा, धनुष्यच ना? दुरुस्ती या शब्दात आपला दुरुस्त आहे. कारागीर म्हणजे आपला कारीगर. उस्ताद तर जसाच्या तसा. अरबीतील मशक्कत मराठीत मशागत झाली आणि शेतात गेली. मराठीचे पुस्तक उघडताना तुम्हांला कधी कधी परके वाटते, हे मी वर्गात पाहतो. पण त्या पुस्तकात तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द आधीच राहायला गेलेले आहेत.

सोमवारी संध्याकाळी दादांनी गाडी आळंदी रस्त्याने फिरवून आणली. उतरल्यावर ते म्हणाले, "हात सोडला तरी सरळ जाते." उस्तादांनी त्यांना बजावले, की काही दिवस गाडी चालल्यावर पाट्यांचे नट पुन्हा आवळून घ्यायचे आणि ग्रीस वेळेवर भरायचे. मामूंनी पैसे मोजले. रक्कम लहान नव्हती. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी निदान पुढच्या चाकांची काळजी उरणार नव्हती. आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. त्या दोन दिवसांत कारखान्याने दुसऱ्या गाडीला काम दिले आणि आठवड्यातली एक खेप तिच्याकडेच राहिली. ती अजून मामूंना परत मिळालेली नाही. बरोबर वागले की नुकसान होत नाही, असे मी तुम्हांला सांगणार नाही. नुकसान झाले. पण मामू ते मोजू शकतात. दुसऱ्या प्रकारचे नुकसान मोजता आले नसते.

निघण्याआधी माझ्या विद्यार्थ्याने पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला आणला. ग्रीसची आठवण राहावी म्हणून तो गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिणार होता. दादांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून त्याने मराठीत लिहायचे ठरवले. दोन अक्षरे लिहून तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

"सर, वंगण मधला ण कोणता? नळाचा की बाणाचा?"

"बाणाचा," मी म्हणालो.

त्याने सावकाश लिहिले : वंगण, दर महिन्याला. दादांनी ते मोठ्याने वाचले, बोटाने रंग वाळला का ते पाहिले आणि गाडी सुरू केली.